शिडी कोणी धरायची नाही

बारीक पान्हा कुठे ठेवलास, एवढंच विचारायला त्याने बायकोला फोन लावला होता. तेव्हा तो एका ऑफिसच्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत उकिडवा बसला होता. हाताला ग्रीस होतं म्हणून फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून धरला होता. पिशवीत पान्हा नव्हता, म्हणजे तो तिनेच घेतलेला असणार. घरातलं काही सैल झालं की ती त्याच्या पिशवीत हात घालायची आणि घेतलेली वस्तू कधी जागेवर ठेवायची नाही. फोन उचलला गेला तसा तो म्हणाला, "बाईसाहेब, पान्हा कुठाय माझा?" पलीकडून अनोळखी बाईचा आवाज आला, "कोण बोलताय?" तो म्हणाला, "कोण म्हणजे? तुम्ही कोण?" ती म्हणाली, "ज्यांचा हा फोन आहे त्या बाईंचे तुम्ही कोण?" "नवरा." त्यावर ती बाई शेजारच्या कुणाला तरी म्हणाली, "अगं, सापडला नवरा." जसा काही तोच हरवला होता. मग तिने हॉस्पिटलचं नाव सांगितलं, मजला सांगितला, आणि म्हणाली, "या तुम्ही. सावकाश या." या 'सावकाश'वरून त्याला कळलं. आयुष्यभर त्याला लोकांचे फोन आले ते 'लवकर या' म्हणणारे. अडकलेला माणूस कधी सावकाश या म्हणत नाही. जिथे घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही तिथेच माणसं सावकाश म्हणतात. त्याने मशीनखोलीला कुलूप लावलं, पुन्हा काढलं, मशीन बंद आहे ना ते बघितलं, पुन्हा कुलूप लावलं, आणि जिने उतरायला लागला. लिफ्ट बंद होती, त्यानेच बंद केली होती. उतरताना त्याला रडू आलं नाही. त्याला राग आला. तो राग कुणाचा हे तेव्हा त्याला सांगता आलं नसतं, पण प्रत्येक मजल्यागणिक तो वाढत गेला.

हॉस्पिटलात ती फोनवरची नर्स भेटली. तीही चिडलेली होती. "होतात कुठे तुम्ही? एवढं छातीत दुखणाऱ्या बाईला एकटीला टॅक्सीत घालून पाठवता?" तो म्हणाला, "मी नाही पाठवलं." "मग कुणी पाठवलं?" "कुणी नाही. ती कुणाच्या पाठवण्याने कुठे जात नाही." नर्सने त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही विचारत होती, हा माणूस नवरा आहे की भाडेकरू. मग तिने सगळं सांगितलं. बाई आपल्या पायांनी आल्या. हातात पिशवी, पिशवीत टॉवेल, सपाता, पाण्याची बाटली. सोबत कोण आहे विचारलं तर म्हणाल्या, कुणी लागत नाही. खुर्चीवर बसवून आत नेऊ म्हटलं तर म्हणाल्या, चालते मी. घरच्यांचा नंबर द्या म्हटलं तेव्हा घडाघडा नंबर सांगितला, एक आकडाही चुकल्या नाहीत. "आणि मग त्यांना जास्त झालं म्हणून आम्ही तो नंबर लावला," नर्स म्हणाली, "तर त्यांच्या उशाशीच वाजायला लागला. पिशवीत. त्यांनी स्वतःचाच नंबर दिला होता हो." हे सांगताना तिचा राग उतरला होता आणि तिला थोडं हसू आलं होतं, आणि हसू आल्याची लाजही वाटली होती. तो फोन कुलूपबंद होता, नर्सला उघडता येईना, आणि कुणाचा तरी येईल म्हणून त्या तो समोर ठेवून बसल्या होत्या. आला तो त्याचाच, पान्ह्यासाठी. आणि आला तेव्हा तिचं सगळं संपून बराच वेळ झाला होता.

स्वतःचा नंबर. तेव्हापासून ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात दातात अडकलेल्या काडीसारखी बसली. चुकून दिला की ठरवून दिला? दुखण्यात माणसाच्या तोंडी पाठ असलेला आकडा येतो, हे त्याला कळत होतं. मुलगीही तेच म्हणाली. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती, संध्याकाळी येऊन पोचली, आणि आल्याआल्या स्वयंपाकघराच्या ओट्याचा ताबा घेऊन म्हणाली, "बाबा, हल्ली कुणाला कुणाचा नंबर पाठ असतो? मला तुमचा नाही." पण तिच्या आईला त्याचा नंबर पाठ होता. असायलाच हवा होता. शहरातल्या कितीतरी लिफ्टमध्ये आरशाच्या बाजूला पट्टी चिकटवलेली आहे, 'लिफ्ट अडकल्यास घंटा वाजवा आणि या नंबरवर फोन करा', आणि खाली त्याचा नंबर. ती ज्या इमारतीत कामाला होती, तिथल्या लिफ्टमध्येही तीच पट्टी होती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची. रोज सकाळी वर जाताना आणि संध्याकाळी खाली येताना तिच्या नाकासमोर नवऱ्याचा नंबर असायचा. शहरातला कुणीही सोम्यागोम्या दोन मजल्यांच्या मधे अडकला की त्याला बोलवायचा आणि तो जेवणावरून उठून जायचा. आणि ही, जिच्यासाठी तो सगळं टाकून धावत सुटला असता, हिने उशाशी आपलाच फोन वाजत ठेवला. चुकून असेल तर त्याचं वाईट नशीब. ठरवून असेल तर मग त्याचं तिच्या आयुष्यात काम काय होतं? याचं उत्तर देणारं माणूस आता नव्हतं, आणि ते उत्तर मिळाल्याशिवाय त्याला धड रडताही येईना.

मागच्या खोलीत ती भिंत रंगवत होती. एकटीच. त्याने म्हटलं होतं, रविवारी मी आहे, मिळून करू. ती म्हणाली होती, "तुझी लिफ्ट, माझी भिंत. मधे येऊ नकोस." त्या सकाळी तो कामावर निघाला तेव्हा ती शिडीवर होती आणि तिने वरूनच सांगितलं, "दार ओढून घे." हॉस्पिटलातून परत आल्यावर तो त्या खोलीत गेला. भिंत खालपासून वरपर्यंत नव्या रंगाची झाली होती, फक्त छताखालचा हातभर रुंदीचा पट्टा राहिला होता, जिथे शिडीच्या वरच्या पायरीवर चढून हात ताणावा लागतो. शिडी तिथेच उभी होती. बारीक पान्हा शिडीच्या बिजागरीपाशी होता, बिजागरी तिने आवळून घेतली होती. आणि खाली जुन्या पत्र्याच्या मगात ब्रश पाण्यात बुडवून ठेवला होता. सुकून कडक होऊ नये म्हणून. तो त्या मगाकडे बघत उभा राहिला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे छातीत कळ आल्यावर ती खाली उतरली, ब्रश पाण्यात घातला, रंगाच्या डब्याला झाकण लावलं, हात धुतले, साडी बदलली, पिशवी भरली, गॅस बघितला, दार लावलं. एवढं सगळं करायला वेळ होता. ब्रशची काळजी होती. एक फोन करायला मात्र वेळ नव्हता. त्याने मग उचलला, आपटायला हात वर नेला, आणि मग परत होता तिथेच ठेवला. पाणी थोडं सांडलं ते त्याने पायाने पुसलं.

लोक येत होते. येणारा प्रत्येक जण बसायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, भाग्यवान हो, कुणाला त्रास दिला नाही. कुणाचं करून घेतलं नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "असं चालत्याबोलत्या जायला मिळायला पुण्य लागतं." त्याला वाटलं, या सगळ्यांना खोलीबाहेर काढावं आणि ओरडून सांगावं, की त्रास द्यायला हवा होता! लग्न कशाला करतात मग? त्रास द्यायलाच ना? त्याने तिला काय कमी त्रास दिला होता? त्याला ताप आला की तो लहान पोरासारखा कण्हायचा. पाठीत उसण भरली की दोन्ही हातांनी तिला धरून संडासात जायचा. ती करायची सगळं, हसत करायची, "या, राजाधिराज," म्हणायची. आणि तिच्यावर वेळ आली की दार बंद. एकदा तिची दाढ हलायला लागली तर तिने कुणाला न सांगता मोरीत उभं राहून ती स्वतःच उपटली, आणि संध्याकाळी जेवताना एका बाजूने चावते आहे म्हणून विचारलं तेव्हा डबीतून काढून दाखवली. "कवळ्या करते रे मी, मला काय दातांचं सांगतोस!" तेव्हा तो पोट धरून हसला होता. चारचौघांत सांगितलं होतं, आमच्या बाईसाहेब म्हणजे काय चीज आहे बघा. आता त्या हसण्याचाच त्याला राग येत होता. तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण तेव्हा अभिमान वाटायचा. दुसऱ्यांच्या बायका डोकं दुखलं तरी नवऱ्याला कामावरून बोलावून घेतात आणि आपली बघा.

त्यांची ओळखही अशीच झाली होती. ती त्या प्रयोगशाळेत नवीन होती आणि इमारतीची लिफ्ट मधेच अडकली. घंटा वाजलीच नाही. पहारेकऱ्याला बऱ्याच वेळाने कळलं की लिफ्ट खाली येत नाही, मग त्याने याला बोलावलं. याने वरून हाताने चक्र फिरवून लिफ्ट मजल्याला आणली, दार उघडलं, तर आत एक मुलगी जमिनीवर बसून डबा खात होती. एक चप्पल दाराच्या फटीत पाचरीसारखी ठोकलेली. "घंटा का नाही वाजवली?" याने विचारलं. ती म्हणाली, "घंटा वाजवून काय होणार? कुणीतरी येणार. मी तोवर उघडलंच असतं." "चपलेने?" "दुसरी चप्पल होती ना." तो तेव्हाच पडला तिच्या प्रेमात. आता वाटत होतं, त्याच दिवशी खरं तर घाबरायला हवं होतं. समोर घंटेचं बटण असताना जी बाई ते दाबत नाही, ती पुढेही दाबणार नाही, एवढी साधी गोष्ट लिफ्टवाल्याला कळू नये? मात्र त्यालाही आपली एक पद्धत सापडली होती. तिने स्वतः भोक पाडून भिंतीत फळी ठोकली, तर ती कामावर गेल्यावर तो गुपचूप मागून दोन मोठे स्क्रू मारून ठेवायचा. तिने नळ बसवला की रात्री तो एक आटा आणखी आवळायचा. फळी कधी पडली नाही, नळ कधी गळला नाही, आणि ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "बघ. कुणाची गरज पडली?" तो म्हणायचा, "नाही बुवा." हा त्याच्या संसारातला गोड भाग होता.

राग धरायला माणूस लागतो. मेलेल्यावर किती धरणार? म्हणून तो सासऱ्यावर बसला. सासरे रंगारी होते, सगळे त्यांना पेंटरच म्हणत. एका पायाने लंगडत, पण अजून ताठ. बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी ते एकटेच बसने आले. नात आणायला येते म्हणाली होती, तर फोनवर म्हणाले, "मला काय पाय नाहीत?" खरं तर एक धड नव्हताच. तो पाय कसा गेला ही त्या घराण्याची पोथी होती. बायकोने ती त्याला लग्नानंतर कितीदा तरी सांगितली होती, प्रत्येक वेळी हसत. पेंटर तरुणपणी एका चार मजली इमारतीच्या बाहेरच्या बाजूला शिडीवर होते. खाली शिडी धरायला सख्खा भाऊ. त्या भावाला रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. भाऊ वळला. एवढंच. भाऊ नुसता 'काय रे?' म्हणायला वळला आणि वर शिडी सरकली. हाड जुळलं ते वाकडं जुळलं. तेव्हापासून त्या घरात नियम झाला, शिडी कोणी धरायची नाही. धरणारा असला की चढणारा बिनधास्त होतो, आणि धरणारा हा शेवटी माणूस, त्याला हाक ऐकू येणारच. मुलगी झाली आणि उभी राहायला लागली तसं पेंटरांनी तिला घडीच्या शिडीवर चढवायला सुरुवात केली. एक पायरी, दोन पायऱ्या, मग वरपर्यंत. ती वरून ओरडायची, "बाबा, धरलीय ना?" पेंटर खालून म्हणायचे, "नाही. कुणी धरलेली नाही. तुझा तोल तुझ्याकडे." आई स्वयंपाकघरात भांडी आपटायची, त्यापलीकडे तिचं त्या घरात काही चालत नव्हतं. एकदा पेंटरांनी तिला बाजाराच्या पार टोकाला नेऊन उभं केलं आणि सांगितलं, आता तुझी तू घरी ये. ती आली. फ्रॉक फाटला होता, गुडघा फुटला होता, पण आली. "त्या दिवशी मला कळलं," बायको म्हणायची, "की जगात कुणी नसतं आणि त्याने काही बिघडत नाही." हे ती इतक्या आनंदाने सांगायची की ऐकणाऱ्याला तो आनंदच वाटायचा. आता तेच वाक्य आठवलं की त्याला वाटायचं, कुणीतरी लहान पोरीच्या हातातून काहीतरी काढून घेतलं आणि तिला सांगितलं की तुझा हात रिकामाच होता.

आणि तोच आजार आता तिसऱ्या पिढीत उतरलेला तो बघत होता. मुलीने घर हातात घेतलं होतं. ती झाडायची, स्वयंपाक करायची, आलेल्यांना पाणी द्यायची, आईचे कपडे घड्या करून ठेवायची, आणि तो काही करायला उठला की म्हणायची, "तुम्ही बसा बाबा. माझं मी बघते." माझं मी बघते! आईचा आवाज, आईचे शब्द, मानेचा झटकासुद्धा आईचा. डोळे सुजलेले दिसत होते, म्हणजे रडत होती, पण कुठे आणि कधी हे त्याला एकदाही सापडलं नाही. दरवाजा बंद करून रडत असणार. एकदा मोरीत नळ बराच वेळ चालू होता. तो दाराशी गेला, वाजवायला हात उचलला, आणि आतून आवाज आला, "काही नाही. येते." त्याचा हात तिथेच थांबला. त्याला आठवेना की आपण या मुलीला असं कधी शिकवलं. तो तर तिला खांद्यावर घेऊन फिरला होता. पण ती त्याच्या खांद्यावर बसून बघत आईकडे होती, त्याला काय करणार.

त्या संध्याकाळी येणारे जाणारे थांबले होते. पेंटर मागच्या खोलीत खुर्ची टाकून भिंतीसमोर बसले होते. तो दारात जाऊन उभा राहिला. पेंटर म्हणाले, "हात चांगला बसलाय हो तिचा. रोलरचे पट्टे कुठे दिसत नाहीत. कोपरेसुद्धा ब्रशने काढलेत." त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता. पोरगी गेली आणि बाप तिच्या भिंतीला मार्क देत बसला आहे. त्याच्या डोक्यात जे काही कोंडलं होतं त्याचं झाकण उडालं.

"मामा," तो म्हणाला, "तुमच्या पोरीला तुम्ही मारलंत."

पेंटरांनी मान वळवली नाही. "बोला," ते म्हणाले.

"बोलतोच आहे. तुमचा पाय गेला, भावाच्या चुकीने गेला, मान्य. त्याचं उट्टं तुम्ही पोरीवर काढलंत. एवढ्याशा पोरीला शिडीवर चढवून सांगितलंत, कुणी धरलेली नाही. बाजारात सोडून आलात. ती शिकली! चांगली शिकली! छातीत कळ आली तरी तिने मला हाक मारली नाही. हॉस्पिटलात नंबर विचारला तर स्वतःचा दिला. स्वतःचा! कारण तुम्ही तिला शिकवलं होतं की खाली कुणी नसतं. मी होतो हो, मामा. मी खालीच होतो. बाविसाव्या मजल्यावर असलो तरी पाच मिनिटांत खाली आलो असतो."

पेंटरांनी आपला वाकडा पाय थोडा पुढे सरकवला, जसं काही तो दाखवायचा होता.

"धरायचो मी," ते म्हणाले.

"काय?"

"शिडी. धरायचो मी. हातांनी नाही, हात तिला दिसले असते. हा पाय खालच्या पायरीवर ठेवून उभा राहायचो. सगळा भार टाकून. ती वरून विचारायची, धरलीय का, मी म्हणायचो नाही. पण पाय असायचा. एकदाही काढला नाही. कुणी हाक मारली तरी मी ओ देत नव्हतो." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "बाजारातही मागेच होतो. ती पडली तेव्हा दहा हातांवर होतो. एका हातगाडीच्या आड."

तो म्हणाला, "मग सांगितलं का नाही तिला?"

"सांगणार होतो. मोठी झाली की सांगू म्हटलं. मग ती मोठी झाली आणि जो तो तिचं कौतुक करायला लागला. आता सांगून तिचा पाय कशाला डळमळवायचा? लग्नात सांगू म्हटलं. मग म्हटलं आता नवरा आहे." पेंटरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "मला वाटलं तुम्ही सांगाल. तुम्हीही धरतच असाल ना कधीतरी, तिला न कळू देता?"

त्याची नजर आपोआप भिंतीवरच्या फळीकडे गेली. तिने ठोकलेल्या. तिच्यावर तिने बनवलेल्या पहिल्या कवळीचा प्लॅस्टरचा नमुना ठेवलेला होता, आणि फळी जराही वाकली नव्हती. त्याने नजर काढून घेतली. राग होता तिथेच होता, कमी झाला नव्हता, फक्त तो ज्याच्यावर उगारला होता तो माणूस एकदम म्हातारा झाला होता. त्याला वाटलं, म्हणजे तिने कुणाला नाकारलं नव्हतं. मला नाकारलं नव्हतं. तिला मुळात माहीतच नव्हतं. जन्मभर तिच्या खालच्या पायरीवर कुणाचा ना कुणाचा पाय होता आणि आम्ही सगळे मिळून तिला सांगत राहिलो की नाही. मग वेळ आली तेव्हा तिने तिला माहीत असलेल्या एकुलत्या एका माणसाचा, स्वतःचा, नंबर दिला. यात तिचं काय चुकलं? हे उत्तर त्याला हवं होतं, आणि ते मिळाल्यावर ते त्याला कुठे ठेवावं कळेना.

"काय चाललंय तुमचं?" मुलगी दारात आली होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. बहुतेक त्याचा आवाज तेवढा ऐकला असावा, कारण ती दोघांकडे अशी बघत होती, जशी काही ती भांडणारी दोन पोरं आहेत. "आवाज बाहेर जातोय. बाबा, चहा ठेवलाय, घ्या जाऊन. आजोबा, तुम्हीही." मग ती भिंतीकडे बघून म्हणाली, "एवढंच राहिलंय ना? मी संपवून टाकते. आईने असं अर्धवट ठेवलेलं मला बघवत नाही." तिने मगातला ब्रश काढला, झटकला, डब्याचं झाकण उघडलं आणि कुणी काही म्हणायच्या आत शिडीवर चढली. भराभर चढली, वरच्या पायरीपर्यंत. शिडी किंचित हलली.

"धरू नका कोणी," ती वरून म्हणाली. "मला सवय आहे."

पेंटर खुर्चीतून उठले. दोन पावलं लंगडत पुढे आले, नातीच्या पाठीमागे, तिला दिसणार नाही असे, आणि तोंड खिडकीकडे वळवून, जसं काही बाहेरचं बघतो आहे, त्यांनी तो वाकडा पाय हळूच उचलून शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवला.

त्याने ते बघितलं आणि तो ओरडला. इतक्या मोठ्याने की जिन्यात कुणाचं तरी दार उघडलं. "सांगून धरा!"

मुलगी दचकली. ब्रशचा रंग तिच्या मनगटावर ओघळला. "काय झालं?"

"सांगून धरा म्हणतोय! तोंडाने सांगा तिला!" तो पेंटरांवर ओरडत होता, पण त्याचे दोन्ही हात शिडीकडे गेले होते. त्याने शिडीच्या दोन्ही बाजू घट्ट पकडल्या, इतक्या की नखं पांढरी पडली. "मी धरलीय," तो वर बघून म्हणाला. "ऐकतेस? शिडी मी धरलीय. आजोबांनी पाय ठेवलाय. तुझ्या आजोबांनी तुझ्या आईचीसुद्धा धरली होती. प्रत्येक वेळी. आणि फळीचे स्क्रू मी मारलेत."

"कुठले स्क्रू? बाबा, सोडा. हलतेय शिडी तुमच्यामुळे."

"हलू दे."

"मला नकोय. मी केलं असतं."

"केलं असतंस. माहीत आहे मला. तरी धरलीय."

ती वर उभी राहिली. एका हातात ब्रश, दुसरा हात छताला टेकलेला. खाली बाप शिडीला लटकल्यासारखा उभा, शेजारी आजोबा पाय पायरीवरून काढावा की ठेवावा या विचारात. ती काहीतरी कडक बोलणार होती, तिचे ओठ तसे आवळलेही होते. मग तिची हनुवटी हलायला लागली. "तुम्हाला बोलवायला हवं होतं तिने," ती म्हणाली, आणि पुढे, चिडून, "मला तरी! मला तरी करायचा होता ना फोन!" त्यानंतर ती शिडीवरच रडायला लागली, तोंड न लपवता, लहानपणी रडायची तसं मोठ्याने. पेंटर खालून म्हणाले, "धरलीय बरं का गं." त्यांना ते म्हणायची सवय नव्हती, आवाज कुणाला रस्ता विचारावा तसा आला. त्याने शिडी सोडली नाही. त्याचाही राग अजून गेला नव्हता. तिच्या रडण्याचाही त्याला राग येत होता, उशिरा आल्याचा. त्याच्या बोटांना कळ लागली तरी त्याने हात बदलला नाही.

ती खाली उतरली ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरली. शेवटच्या पायरीवरून तिला तशी गरज नव्हती. खाली आल्यावर तिने नाक पुसलं, मनगटावरचा रंग साडीच्या चिंधीने पुसला, ब्रश मगात टाकला आणि म्हणाली, "चहा गार झाला." मग तिघेही स्वयंपाकघरात गेले आणि गार चहा प्यायले. कुणीच पुन्हा गरम केला नाही.

पेंटर बसने गेले. या वेळी त्यांनी सोडायला येऊ दिलं, पण पिशवी स्वतःच घेतली. मुलगीही कामावर परत गेली. जाताना तिने त्याच्यासमोर फोन काढला, त्याचा नंबर पाठ म्हणून दाखवला, मधे एक आकडा चुकली, त्याने दुरुस्त केला, तिने तोंड वाकडं केलं. आता ती मधूनमधून फोन करते. बहुतेक वेळा, सगळं ठीक आहे, हे सांगायलाच करते. ते खरं असतं की नाही त्याला कळत नाही. परवा त्याने फळीमागचे ते दोन स्क्रू काढायला घेतले, अर्धे बाहेर आल्यावर फळी डोलली, तेव्हा पुन्हा आत आवळले. बारीक पान्हा पिशवीत परत ठेवला आहे. मागच्या खोलीत शिडी अजून तशीच उभी आहे, डब्यातल्या रंगावर साय धरली असणार. छताखालचा हातभर पट्टा जुन्या रंगाचाच आहे. तो रंगवायचा राहिला आहे.